पूजलेली राणी, पुसलेली राणी

अहिल्याबाईंचं त्रिशताब्दी वर्ष थाटात पार पडलं. २० मे २०२५ रोजी मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक आपल्या इंदूरच्या राजवाड्यात भरली. ३१ मे रोजी भोपाळच्या कार्यक्रमात तीनशे रुपयांचं स्मारक नाणं आणि टपाल तिकीट निघालं. तिकडे चौंडीला महाराष्ट्राचं मंत्रिमंडळही बसलं, आणि अहमदनगरचं अहिल्यानगर त्याआधीच झालं होतं. इंदूरचा विमानतळ त्यांच्या नावाचा, विद्यापीठ त्यांच्या नावाचं, राजवाड्यासमोरच्या बागेत त्यांचा पुतळा. इंदूरकर म्हणून मला या सगळ्याचा आनंद आहे, आणि तो मनापासूनचा आहे.

पण आता मांडव उतरले आहेत, तर एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. आपण अहिल्याबाईंना इतकं पूजलं आहे की त्यांनी राज्य केलं कसं, हे विचारायचं राहून गेलं. आणि शहराची सगळी आठवण एकाच मूर्तीच्या पायाशी वाहिल्यामुळे होळकरांच्या घरातली बाकीची माणसं एकतर विसरली गेली, नाहीतर बदनामीत पडून राहिली. पूजा आणि बदनामी या दोन्हींत माणूस सारखाच हरवतो, असं माझं मत आहे, आणि इंदूरएवढं त्याचं ठळक उदाहरण दुसरीकडे सापडणं कठीण.

आडा बाजाराची गोष्ट इंदूरच्या प्रत्येक घरात सांगितली जाते. मालेरावांच्या रथाखाली वासरू चिरडलं, गाय रस्त्यातच बसून राहिली, अहिल्याबाईंना कळलं. त्यांनी पोटच्या पोराला तशीच शिक्षा फर्मावली. हात-पाय बांधून त्याला रस्त्यात टाकलं, रथ हाकायला कुणी धजेना, म्हणून त्या स्वतः रथावर चढल्या; पण तीच गाय पुन्हा पुन्हा आडवी आली आणि पोराचा जीव वाचला. जिथे ती आडवी आली तो आडा बाजार. लहानपणी ही गोष्ट ऐकताना अंगावर काटा येतो. न्याय म्हणजे काय, हे पोराला शिकवायला याहून चांगली गोष्ट नाही.

मात्र हीच गोष्ट तमिळनाडूतल्या तिरुवारूरला मनुनीती चोळ राजाची म्हणून सांगतात. राजपुत्राचा रथ, वासरू, न्याय मागणारी गाय, मुलाला चाकाखाली घालायला निघालेला बाप: सगळं तेच. अशा कथा देशभर फिरत असतात आणि ज्या राजावर लोकांचा जीव जडतो त्याच्या घरी मुक्काम करतात. अहिल्याबाईंच्या घरी तिनं मुक्काम केला, हा त्यांच्या लौकिकाचा पुरावा आहे. त्यांच्या आयुष्याचा मात्र तो पुरावा नाही.

आयुष्यात घडलं ते वेगळंच होतं, आणि जास्त कठीण होतं. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव तोफेच्या गोळ्यानं गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या होत्या, मल्हाररावांनी त्यांना विनवून मागे फिरवलं. १७६६ मध्ये मल्हारराव गेले. गादीवर मालेराव आले आणि वर्षभराच्या आतच, १७६७ मध्ये, तेही गेले. तेरा वर्षांत नवरा, सासरा आणि एकुलता एक मुलगा. मालेरावांचं मन ठिकाणावर नव्हतं. त्यांनी एका निरपराध कशिदाकाराला संशयावरून मारलं आणि त्याच्या भुतानं त्यांना झपाटलं, असं तेव्हा लोक बोलत. आई दिवसरात्र अंथरुणाशी बसून होती, रडत होती, त्या भुताची विनवणी करत होती. आईनंच मुलाला संपवलं, अशीही कुजबुज नंतर उठली. इंग्रज अधिकारी जॉन माल्कमनं पन्नासेक वर्षांनी माळव्यात चौकशी करून ती खोटी ठरवली.

आता ही दोन चित्रं शेजारी ठेवून पाहा. एका चित्रात रथावर चढलेली न्यायदेवता आहे. दुसऱ्यात वेड लागलेल्या पोराच्या उशाशी बसलेली एक विधवा आहे, जिच्या हातात काहीच नाही. पहिलं चित्र आपण चौकात लावलं. दुसऱ्याचा उल्लेखही कुणी करत नाही, कारण त्यात देवी नाही, एक हतबल बाई आहे. मला विचाराल तर मोठेपण दुसऱ्याच चित्रात दिसतं, कारण त्या उशापासून उठून ही बाई अवघ्या काही महिन्यांत कशी उभी राहिली ते पाहण्यासारखं आहे.

दिवाण गंगोबातात्या चंद्रचूड यांचा सल्ला होता की एखादं लहान मूल दत्तक घ्यावं आणि बाईंनी देवधर्म करावा. मूल गादीवर म्हणजे कारभार दिवाणाच्या हाती, हे सांगायला नको. अहिल्याबाईंनी तो सल्ला धुडकावला. राघोबादादा फौज घेऊन माळव्याकडे निघाले तेव्हा अहिल्याबाईंनी शिंदे, गायकवाड, भोसले यांच्याशी संधान बांधलं, पुण्यात माधवराव पेशव्यांकडे आपली बाजू मांडली आणि त्यांचा कौल मिळवला. तुकोजी होळकरांकडे फौज सोपवली आणि कारभार स्वतःकडे ठेवला. बायकांची पलटण उभी करून राघोबादादांना लाजवलं, ही गोष्ट आपण आवडीनं सांगतो. तिच्या मागचं पत्रांचं राजकारण मात्र कुणी सांगत नाही, आणि राज्य टिकलं ते त्या पत्रांमुळे.

पुढची अठ्ठावीस वर्षंही अशीच होती. माळव्याच्या घाटवाटांवर भिल्ल प्रवाशांना लुटत. अहिल्याबाईंनी आधी समजुतीनं घेतलं, नंतर जरब बसवली, आणि शेवटी तोडगा काढला तो कारभाऱ्याचा: डोंगरातून जाणाऱ्या मालावर भिल्लांचा जुना हक्क, 'भीलकवडी', मान्य केला, कसायला पडीक जमिनी दिल्या आणि त्या बदल्यात रस्त्याची जबाबदारी त्यांच्यावरच टाकली. आपल्या हद्दीत चोरी झाली तर भरपाई त्यांनीच करायची. हा निर्णय कोणत्याही आरतीत येणार नाही, पण व्यापाऱ्यांचे तांडे माळव्यातून निर्धास्त जायला लागले ते अशा निर्णयांमुळे. रामपुऱ्याच्या चंद्रावतांनी बंड केलं तेव्हा त्याच अहिल्याबाईंनी फौज पाठवून ते कठोरपणे मोडून काढलं. पांढरं लुगडं, हातात पिंड, मिटल्यासारखे डोळे, या तसबिरीत ही बाई मावत नाही.

खासगी आणि दौलत हा भेद तर आपण पार विसरलो. होळकरांच्या घरातल्या बायकांचं खासगी उत्पन्न वेगळं आणि राज्याचा खजिना वेगळा. काशी विश्वनाथाचं मंदिर १७८० मध्ये पुन्हा उभं राहिलं. गया, सोमनाथ, हरिद्वार, नाशिक, घाट, विहिरी, अन्नछत्रं ही सगळी कामं खासगीतून झाली, दौलतीतून नाही. मोहिमेच्या खर्चावरून तुकोजींशी त्यांची अखंड कुरबुर चाले, कारण त्या हिशेब मागत. स्वतःच्या श्रद्धेचा खर्च रयतेच्या पैशातून करायचा नाही, ही रेघ त्यांनी स्वतः आखून घेतली होती. आज त्यांचं नाव घेणाऱ्या प्रत्येक सरकारला हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पण त्यासाठी अहिल्याबाई मंदिरं बांधणाऱ्या पुण्यवंत म्हणून ठाऊक असून भागत नाही, हिशेब ठेवणाऱ्या राज्यकर्त्या म्हणून ठाऊक असाव्या लागतात. त्याच खासगीचा पुढे ट्रस्ट झाला, त्याच्या मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उठला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. हा ट्रस्ट सार्वजनिक न्यास कायद्याच्या कक्षेत येतो, असं न्यायालयानं २०२२ मध्ये सांगितलं. त्यांचे घाट कुणाच्या ताब्यात आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, याची चौकशी करणं हीसुद्धा स्मरणाचीच एक रीत आहे. पुतळ्याला हार घालण्यापेक्षा ती अवघड आहे, म्हणून ती कमी लोक पाळतात.

स्वतः अहिल्याबाईंना स्तुतीबद्दल काय वाटे, तेही नोंदलेलं आहे. एका ब्राह्मणानं त्यांच्या स्तुतीचा ग्रंथ रचून आणला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, आपण इतक्या स्तुतीला पात्र नाही म्हणाल्या, आणि तो ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. त्या विद्वानाकडे त्यांनी पुन्हा लक्ष दिलं नाही.

ही आठवणही माल्कमचीच. आणि इथे मला ज्या विषयावर खरं बोलायचं आहे तो येतो.

अहिल्याबाईंबद्दल आज आपण जे सांगतो त्यातला मोठा भाग १८२३ साली छापलेल्या माल्कमच्या मध्य भारतावरच्या ग्रंथातून आला आहे. पहाटे उठणं, पूजा, दान, दुपारपासून संध्याकाळपर्यंत उघडा दरबार, रात्री पुन्हा काम, हा दिनक्रम त्यातलाच. माल्कमनं चौकशी प्रामाणिकपणे केली. आधी त्यालाही ही स्तुती अतिशयोक्त वाटली होती, पण जितकं खोलात गेला तितका त्याचा आदर वाढला. ते श्रेय त्याला दिलं पाहिजे. पण हा माणूस कोण होता, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज ज्यांनी मोडली त्यांत तो होता. ६ जानेवारी १८१८ चा मंदसोरचा तह, ज्यात होळकरांचा मोठा मुलूख गेला, त्याच्याच हातून झाला. त्याच माणसानं मग होळकरांचा इतिहास लिहिला. त्या इतिहासाचा आराखडा असा: अहिल्याबाईंचं सुवर्णयुग, नंतर तुकोजींचे पुत्र यशवंतराव यांची धामधूम, नंतर तुळसाबाईंचा अनाचार, आणि शेवटी इंग्रजांनी आणलेली शांतता. या आराखड्यात अहिल्याबाई जितक्या पवित्र, तितक्या तुळसाबाई काळ्याकुट्ट असणं गरजेचं होतं. एका लेखणीनं दोन बायकांना दोन टोकांवर नेऊन बसवलं आणि दोनशे वर्षं झाली तरी त्या तिथेच आहेत.

तुळसाबाई कोण, हे आज इंदूरच्या किती घरांत ठाऊक असेल? यशवंतरावांचं मन बिघडलं तेव्हापासून आणि १८११ मध्ये भानपुऱ्याला त्यांचं निधन झाल्यावर पुढची सहा वर्षं, होळकरशाही सांभाळणारी ही बाई. यशवंतरावांचे अल्पवयीन पुत्र तिसरे मल्हारराव यांना त्यांनी दत्तक घेऊन गादीवर बसवलं होतं. मल्हाररावांच्या जन्मदात्या आई कृष्णाबाई, म्हणजे केसरबाई. तुळसाबाईंच्या हाती काय आलं होतं, ते पाहा: रिकामा खजिना, महिनोन्‌महिने पगार थकलेली फौज, एकमेकांचे गळे धरणारे सरदार, आणि पगारासाठी राजमुलालाच ताब्यात ठेवू पाहणारे शिपाई. माल्कमनं त्यांच्यावर व्यभिचाराचे आणि क्रौर्याचे आरोप केले. पण तोच माणूस पुढे सांगतो की त्या बुद्धीनं तल्लख होत्या, बोलण्यात त्यांचा हात धरणारं क्वचित कुणी होतं, आणि त्या डौलात घोडा दौडवत तेव्हा मोठ्या घराण्यांतल्या बायकांचा जथा त्यांच्याबरोबर दौडत असे. वयाची तिशीही त्यांनी गाठली नव्हती.

१८१७ च्या डिसेंबरात इंग्रज फौजा महिदपूरजवळ आल्या. तुळसाबाईंनी त्यांच्याशी बोलणी चालवली. फौजेच्या म्होरक्यांना लढाई हवी होती, किंवा निदान थकलेला पगार बुडायला नको होता. २० डिसेंबरला त्यांनी तुळसाबाईंना पकडलं, मल्हाररावांना वेगळं केलं, आणि क्षिप्रेच्या काठावर नेऊन तुळसाबाईंचं मुंडकं उडवलं. दुसऱ्या दिवशी लढाई झाली आणि होळकर हरले. तेव्हा ज्या तहाची बोलणी त्या करत होत्या त्याहून कितीतरी कडक तह पंधरवड्यात पदरात घ्यावा लागला, असं मला वाटतं; हे माझं अनुमान आहे, पण हरलेल्याला जिंकणारा कधी बरी अट घालत नाही. आणि आपलं इंदूर होळकरांची राजधानी झालं ते त्या तहानंतरच. अहिल्याबाईंची राजधानी महेश्वर होती. म्हणजे या शहराचं राजधानीपण ज्या लढाईतून आलं, तिच्या आदल्या दिवशी मारल्या गेलेल्या बाईचं नावही आपण घेत नाही. कृष्णाबाईंची छत्री कृष्णपुऱ्यात नदीकाठी दिमाखात उभी आहे. तुळसाबाईंच्या नावाची साधी पाटी मी आजवर कुठे पाहिलेली नाही.

तुळसाबाई निर्दोष होत्या, असं माझं म्हणणं नाही. कारभारी बाळाराम शेठ यांची हत्या त्यांच्या हुकमावरून झाली असं सांगतात, आणि ते खरं असेल तर तो गुन्हाच होता. पण त्या काळात कारभारी मारवणारे पुरुष मराठी इतिहासात मोजावे लागतील, आणि त्यांतल्या कित्येकांची आपण 'मुत्सद्दी' म्हणून नोंद घेतो. बाईच्या बाबतीत मात्र पहिला प्रश्न निघतो तो चारित्र्याचा. अहिल्याबाईंचा गौरवही चारित्र्यापासून सुरू होतो आणि तुळसाबाईंची निंदाही तिथूनच. एक बाई राज्य करत होती, तिनं काय निर्णय घेतले, कोणत्या अडचणीत घेतले, ते बरोबर होते की चूक, हा हिशेब दोघींपैकी एकीचाही झाला नाही. पांढरं लुगडं एकीला देव्हाऱ्यात घेऊन गेलं आणि रंगीत लुगड्यानं दुसरीला काळोखात ढकललं.

यशवंतरावांचंही असंच आहे. पुण्यात १८०२ च्या लुटीची आठवण अजून आहे, तिथे ते पुंड. आपल्याकडे अलीकडे ते पहिले स्वातंत्र्यवीर. इंग्रज सेनानी मॉन्सनच्या फौजेची त्यांनी केलेली दाणादाण खरी, दिल्लीला घातलेला वेढा खरा, आणि पुण्याच्या वाड्यांतून पैशासाठी लोकांना दिलेले चटकेही खरे. त्यांच्या भावाला, विठोजींना, पुण्यात हत्तीच्या पायी दिलं होतं, तेही खरं. यातलं एकही सत्य दुसऱ्याला खोडत नाही. बाकी राजांची नावं तर दवाखान्यांच्या आणि बाजारांच्या आद्याक्षरांत विरघळून गेली. रोज हजारो माणसं 'एम. वाय.'ला, म्हणजे महाराजा यशवंतराव रुग्णालयात, जातात, कपड्याच्या 'एम. टी.', म्हणजे महाराजा तुकोजीराव, मार्केटात उलाढाल करतात. खंडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये कर्ज देणारे दुसरे तुकोजीराव, किंवा १ जुलै १८५७ ला रेसिडेन्सीवर चालून गेलेले सआदत खान, यांची कथा शाळेतल्या पोरांना एका परिच्छेदाहून जास्त मिळत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो मी हलक्यानं घेत नाही. लोकांना इतिहासकाराचं सत्य नको असतं, आधार हवा असतो. अहिल्योत्सवाच्या पालखीत चालणारी बाई नवरा गेल्यावर घर एकटीनं ओढत असते. तिला देवी अहिल्या बळ देते. कागदपत्रांतली अहिल्या तिला काय देणार? शिवाय धनगर समाजाला शतकानुशतकं नाकारलेला मान अहिल्याबाईंच्या नावानं परत मिळतो आहे. त्यात चिकित्सेची कात्री घालायची कुणाला घाई झाली आहे?

माझं उत्तर असं: कागदांतली अहिल्या त्या बाईला जास्त देईल. देवीला सगळं जमतं, म्हणून तिच्याकडून शिकता काही येत नाही, तिला फक्त हात जोडता येतात. जिला पोराचं वेड आवरता आलं नाही, जिला १७९१ मध्ये मुलगी मुक्ताबाईला सती जाण्यापासून रोखता आलं नाही, जी तिच्या पायाशी लोळण घेऊन रडली आणि तरी पुढे दरबारात येऊन बसली, ती बाई पालखीतल्या बाईच्या जवळची आहे. आणि धनगर समाजाच्या मानाचा प्रश्न असेल, तर पेशव्याच्या काकाला पत्रांच्या जोरावर माघारी लावणारी, दिवाणाचं न ऐकणारी राज्यकर्ती हा मान चमत्काराच्या कथेपेक्षा कितीतरी भक्कम आहे. चमत्काराचं श्रेय शेवटी दैवाकडे जातं. निर्णयाचं श्रेय तो घेणाऱ्या माणसाचं असतं.

हे काम इंदूरच्या मराठी माणसाला जितकं सोपं आहे तितकं इतर कुणाला नाही. महेश्वर दरबाराची बातमीपत्रं इतिहाससंशोधक द. ब. पारसनिसांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी छापून ठेवली आहेत. ती मराठीत आहेत, आपल्याच भाषेत, दुभाष्याची गरज नाही. तरी आपण अहिल्याबाई वाचतो त्या इंग्रजी ग्रंथाच्या हिंदी सारांशातून. न छापलेले कागद मोडीत आहेत, आणि मोडी काही महिन्यांत शिकता येते. इथल्या मराठी मंडळांत निवृत्तीनंतर वेळ असलेली, हौस असलेली, मराठी उत्तम असलेली शेकडो माणसं आहेत. दरवर्षी जितकी शक्ती आपण गणपतीतल्या स्पर्धांवर आणि दिवाळी पहाटेवर घालवतो, तिचा चौथा हिस्सा मोडीच्या वर्गांकडे वळवला तरी दहा वर्षांत होळकरांच्या घराण्यातल्या प्रत्येक बाईचं चरित्र कागदांवरून लिहिता येईल. विद्यापीठ अहिल्याबाईंच्या नावाचं आहे, तर तिथे होळकरकालीन मराठी कागदांचं एक कायमचं अध्यासन असणं हा त्या नावाचा पहिला हक्क आहे.

आणि एक काम त्याआधीही करता येईल, त्याला दहा वर्षं लागत नाहीत. छत्र्यांवर आणि चौकांत जिथे जिथे होळकरांच्या नावाच्या पाट्या आहेत, तिथे जन्म-मृत्यूच्या सनांखाली चार वाक्यं कारभाराची लिहावीत: काय केलं, काय चुकलं. महिदपूरला क्षिप्रेच्या काठी तुळसाबाईंच्या नावाचा एक दगड लावावा, वर्गणी काढून, सरकारकडे हात न पसरता. त्यावर काय लिहायचं यावर आपल्यात वाद होईल. बाळाराम शेठच्या हत्येचा उल्लेख असावा की नसावा, यावर तर नक्कीच होईल. माझ्या मते तो असावा, आणि त्याच्याच खाली हेही असावं की पगार थकलेल्या फौजेत एका अल्पवयीन राजाला त्यांनी सहा वर्षं जिवंत ठेवलं.